दोन नॉबमधलं अंतर

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये चाकं खाली-वर करणाऱ्या खटक्याचं टोक हाताला लागलं, की न बघताही ते ओळखू येतं. तिथे एक छोटंसं चाकच बसवलेलं असतं, गोल आणि जाडसर कडेचं. फ्लॅपच्या दांड्याचं टोक मात्र चपटं असतं, पंखाच्या मागच्या पट्टीसारखं. अंधारात, धुरात किंवा डोळे धावपट्टीवर खिळलेले असतानाही आपण काय धरलं आहे हे बोटांना कळावं, यासाठी ही योजना आहे. ती कोणा कंपनीच्या आवडीनिवडीवर सोडलेली नाही. अमेरिकी विमान-नियमावलीच्या कलम २५.७८१ मध्ये हे आकार चक्क चित्र काढून दिलेले आहेत. कलम २५.७७७ सांगतं, की ५ फूट २ इंचांपासून ६ फूट ३ इंचांपर्यंत उंचीचा कोणीही वैमानिक पट्टा बांधून बसला, तरी त्याला प्रत्येक नियंत्रण पूर्णपणे आणि विनाअडथळा हलवता आलं पाहिजे.

ही कलमं कागदावर यायच्या आधी बरीच माणसं गेली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट वारंवार घडत होती. विमान व्यवस्थित उतरायचं, धावपट्टीवर वेग कमी व्हायचा आणि मग एकाएकी चाकं मिटून ते पोटावर बसायचं. यंत्रात दोष सापडत नसे. वैमानिकांनी फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकं मिटवलेली असत. अल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये वैमानिकांऐवजी कॉकपिटकडेच नीट पाहिलं. दोन्ही खटके शेजारी शेजारी होते आणि दिसायला अगदी सारखे होते. सी-४७ या मालवाहू विमानात त्यांची रचना वेगळी होती आणि तिथे ही चूक होत नव्हती. चॅपॅनिसने एका खटक्याला रबरी चाक आणि दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा बसवायला सांगितलं. आजच्या विमानातलं ते चाक तिथून आलं आहे.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी नियंत्रणं हाताळताना झालेल्या ४६० चुकांचे अनुभव गोळा केले. त्यांतल्या जवळपास निम्म्या चुका एकाच जातीच्या होत्या. एक खटका हवा होता आणि हात दुसऱ्यावर पडला होता. एकच चूक शेकडो प्रशिक्षित माणसं करत असतील, तर तिला ‘वैमानिकाची चूक’ म्हणून फाइल बंद करणं हा अन्याय आहेच. शिवाय तो धोकाही आहे, कारण त्या खटक्यांसमोर उद्या दुसरा वैमानिक बसणार असतो.

‘सरासरी माणूस’ धरून कॉकपिट आखण्याची सवयही याच काळात मोडली. अमेरिकी हवाई दलातल्या गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांच्या शरीरांची मापं तपासली आणि कॉकपिटशी संबंधित अशी १० मापं निवडली. या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक त्यांना एकही मिळाला नाही. १९५२ च्या त्यांच्या अहवालानंतर पुढे-मागे सरकणाऱ्या खुर्च्या आणि जुळवून घेता येणारे पेडल यांचा आग्रह वाढत गेला.

तरीही कितीतरी वर्षं कॉकपिट हे एखाद्या जुन्या वाड्यासारखं वाढत राहिलं. ज्याला गरज लागली त्याने खोली काढली. रेडिओवाल्यांनी रेडिओचा डबा बसवला, इंजिनवाल्यांनी तबकड्या आणल्या, दिशादर्शनवाल्यांनी आपली यंत्रं जोडली. ‘नासा’च्या नोंदीप्रमाणे १९७० च्या दशकाच्या मध्यावर सरासरी वाहतूक विमानाच्या कॉकपिटमध्ये १०० हून अधिक उपकरणं आणि नियंत्रणं होती. प्रत्येक उपकरण आपापल्या जागी बरोबर होतं. ती सगळी मिळून, अवघड क्षणी, माणसाच्या डोक्यात काय करतात हे बघणं कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

सिस्टिम्स इंजिनिअरिंगची गरज इथे लागते. हे काम सुरू होतं गरजा लिहिण्यापासून. विमानाला काय करता आलं पाहिजे, वैमानिकाला कोणत्या क्षणी काय कळलं पाहिजे आणि काय कळता कामा नये, हे एकेक वाक्यात लिहिलं जातं आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक मिळतो. पुढे प्रत्येक पडदा, प्रत्येक दिवा आणि सॉफ्टवेअरचा प्रत्येक तुकडा त्या क्रमांकाशी बांधलेला असतो. चाचणीच्या कागदावरही तोच क्रमांक दिसतो. एखादा दिवा कोणत्याच गरजेशी बांधलेला नसेल, तर तो कॉकपिटमध्ये का आहे असा प्रश्न विचारला जातो. एखाद्या गरजेची चाचणीच नसेल, तर विमान पुढे सरकत नाही.

एक उदाहरण पुरेसं आहे. एअरबस विमानांत उड्डाणासाठी धावताना वेग ८० नॉटच्या पुढे गेला, की कमी महत्त्वाच्या बहुतेक सूचना दाबून ठेवल्या जातात. विमान १५०० फुटांवर पोचेपर्यंत त्या पडद्यावर येत नाहीत. बिघाड खरा असतो आणि संगणकाला तो समजलेलाही असतो. पण त्या काही सेकंदांत वैमानिकापुढे एकच निर्णय असतो, थांबायचं की उडायचं. एखाद्या पंपाचा पिवळा दिवा तेव्हा लागला, तर तो मदतीचा ठरत नाही, अपघाताचं कारण होऊ शकतो. माहिती कधी लपवायची याचाही आराखडा करावा लागतो, आणि तो पंप बनवणारा अभियंता एकटा करू शकत नाही.

काचेच्या पडद्यांनी तबकड्यांची गर्दी हटवली, पण एक नवा प्रश्न आणला. जुन्या कॉकपिटमध्ये एका खटक्याला एकच काम होतं. नव्या कॉकपिटमध्ये एकच नॉब ‘मोड’प्रमाणे वेगवेगळी कामं करू लागला. २० जानेवारी १९९२ च्या रात्री फ्रान्समध्ये एअर इंटर कंपनीचं एअरबस ए-३२० विमान लियोंहून स्ट्रासबर्गला येत होतं. ऐन वेळी उतरण्याची पद्धत बदलली आणि कॉकपिटमधली धावपळ वाढली. विमान ३.३ अंशांच्या उताराने खाली यायला हवं होतं. ते प्रत्यक्षात मिनिटाला ३३०० फुटांच्या वेगाने खाली आलं, म्हणजे हव्या त्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने, आणि साँत-ओदील डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ जणांचा मृत्यू झाला.

तपासात सर्वांत ठळक ठरलेली शक्यता अशी होती. उताराचा कोन आणि खाली येण्याचा वेग हे दोन्ही एकाच नॉबने भरले जात. एक बटण दाबून त्या नॉबचा मोड बदलायचा. कोन भरला तर खिडकीत ‘-३.३’ दिसे. वेग भरला तर शेवटची दोन शून्यं न दाखवता ‘-३३’ दिसे. दोहोंत फरक होता तो एका टिंबाचा, तोही रात्री, कामाच्या रेट्यात. अपघातानंतर एअरबसने वेगाचा आकडा चारही अंकांत दाखवायला सुरुवात केली. वैमानिकांना अधिक सावध राहा असं सांगण्यापेक्षा हा उपाय कितीतरी मोठा होता. पण अंक किती दाखवायचे हा निर्णय कधीतरी कोणीतरी टेबलावर घेतला होता. दमलेल्या माणसाला, अंधारात, शेवटच्या क्षणी मार्ग बदलायला लावून तो तपासला असता, तर ते टिंब आधीच सापडलं असतं असं मानायला जागा आहे.

याच जातीच्या विमानाची एक दुःखद आठवण भारतालाही आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आय.सी. ६०५ हे विमान बंगळुरूच्या एचएएल विमानतळावर उतरताना धावपट्टीच्या आधीच गोल्फच्या मैदानावर आदळलं. विमानातल्या १४६ जणांपैकी ९२ जण मरण पावले. ए-३२० भारतात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीने जी शक्यता पुढे आणली ती अंगावर काटा आणणारी आहे. खाली येण्याचा वेग मिनिटाला ७०० फूट ठेवायचा होता. तो आकडा भरताना शेजारचाच, उंचीचा नॉब फिरवला गेला असावा. संगणकाने त्याचा अर्थ ‘७०० फुटांपर्यंत उतर’ असा घेतला आणि इंजिनं अगदी किमान ताकदीवर गेली.

त्यात आणखी एक गुंता होता. त्या मोडमधून बाहेर पडून इंजिनांनी वेग सांभाळावा, यासाठी दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसं न्यावं हे पडद्यावर सुचवणारी यंत्रणा, बंद असणं गरजेचं होतं. एकाचा बंद झाला, दुसऱ्याचा चालू राहिला. वेग घसरत गेला. चूक लक्षात येऊन इंजिनांना पूर्ण ताकद मागितली गेली, पण जेट इंजिनाला वेग पकडायला काही सेकंद लागतात आणि तेवढी उंची शिल्लक नव्हती. वैमानिकांचं लक्ष वेगावर असायला हवं होतं, हे खरंच आहे. पण दोन माणसांच्या पुढ्यातले दोन वेगवेगळे खटके मिळून इंजिनाची वागणूक ठरवतात, ही गोष्ट अजून त्या यंत्राला सरावत असलेल्या माणसांपुढे ठेवली गेली होती. सिस्टिम्स इंजिनिअरिंगमधला सर्वांत कठीण भाग हाच. चूक एका भागात बसलेली नसते, ती दोन भागांच्या मधल्या जागेत असते.

ती जागा शोधायची कुठे? विमान बांधून झाल्यावर शोधली तर फार उशीर होतो, म्हणून ती सिम्युलेटरमध्ये शोधतात. सिम्युलेटर म्हटलं की बहुतेकांना प्रशिक्षण आठवतं. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी नवे वैमानिक अशा यंत्रांवर हात बसवतात. सिम्युलेटरचा उगमही प्रशिक्षणातलाच. एडविन लिंक यांच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधले भाते वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये झुकणारं, डोलणारं एक लाकडी विमान तयार केलं. टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत एकामागून एक मरू लागले, तेव्हा १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याने अशी सहा यंत्रं विकत घेतली.

आराखड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिम्युलेटरचं काम मात्र उलटं असतं. प्रशिक्षणाच्या यंत्रात माणूस तपासला जातो, इथे विमान तपासलं जातं. सुरुवातीला प्लायवूडचा सांगाडा आणि त्यावर चिकटवलेले कागदी पडदे एवढंच असतं. त्यावरही हात कुठवर पोचतो, मान किती वळवावी लागते, सूर्य मागून आला तर काय दिसेनासं होतं, हे समजतं. मग पडदे जिवंत होतात, मागे संगणकातलं विमान धावू लागतं आणि चाचणी वैमानिकाला आत बसवून बिघाड सोडले जातात. त्याची नजर कुठून कुठे गेली याची नोंद होते. त्याला किती कष्ट पडले हे तो १ ते १० या कूपर-हार्पर मोजपट्टीवर सांगतो. ही मोजपट्टी १९६९ मध्ये तयार झाली आणि आजही चालते, कारण ती वैमानिकाला ‘विमान चांगलं आहे का’ असं मोघम विचारत नाही. काम जमलं का, आणि जमण्यासाठी किती झगडावं लागलं, असं ती टप्प्याटप्प्याने विचारते. त्यानंतरची पायरी म्हणजे ‘आयर्न बर्ड’. हवेत न जाणारं हे विमान असतं, पण त्यात खरे हायड्रॉलिक पंप, खरे संगणक आणि खऱ्या तारा असतात. समोरच्या कॉकपिटमध्ये बसलेल्याने स्टिक हलवली, की पलीकडे नियंत्रणाच्या पट्ट्या खरोखर हलवणारी यंत्रणा काम करू लागते.

भारतात या पद्धतीचा कस लागला तो तेजस या लढाऊ विमानात. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीने मुद्दाम अस्थिर विमान निवडलं. असं विमान चपळ असतं, पण संगणकाने सतत सांभाळलं नाही तर माणसाला ते उडवताच येत नाही. वैमानिकाची स्टिक आणि पंखावरच्या पट्ट्या यांच्यामध्ये फक्त संगणकाचे चार समांतर मार्ग असतात. स्टिक किती ओढली की नाक किती वर यावं, किती झपाट्याने यावं, उतरताना वेगळं आणि लढताना वेगळं का, हे सगळं ‘कंट्रोल लॉ’ नावाच्या सूत्रांत लिहावं लागतं. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमधल्या श्याम चेट्टी यांच्या नेतृत्वाखाली एका तुकडीने ते काम घेतलं. एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटच्या सिम्युलेटरवर चाचणी वैमानिक बसत, तक्रारी सांगत, सूत्रं बदलत आणि ते पुन्हा बसत.

जमिनीवरच्या सिम्युलेटरवर पूर्ण विसंबता येत नाही, हा धडा स्वीडनने आधीच शिकवला होता. ग्रिपेन या तिथल्या लढाऊ विमानाचा पहिला प्रायोगिक नमुना १९८९ मध्ये उतरताना कोसळला आणि १९९३ मध्ये दुसरं एक ग्रिपेन स्टॉकहोममध्ये गर्दीसमोर पडलं. दोन्ही वेळा वैमानिकाची दुरुस्ती आणि संगणकाची दुरुस्ती एकमेकांमागे धावत डोलणं वाढवत गेली. सिम्युलेटरच्या खोलीत जमीन खरी नसते. हात तिथे शांत राहतो. खरी धावपट्टी समोर आली, की तोच हात झटके देऊ लागतो. म्हणून तेजसची सूत्रं अमेरिकेतल्या एफ-१६ व्हिस्टा या खास विमानात घालून हवेत तपासली गेली. हे विमान दुसऱ्या विमानासारखं वागू शकतं आणि गडबड झाली तर क्षणात स्वतःच्या मूळ स्वभावावर परत येतं.

मे १९९८ मध्ये पोखरणची अणुचाचणी झाली आणि अमेरिकेचे निर्बंध आले. लॉकहीड मार्टिनबरोबर उड्डाण-नियंत्रण यंत्रणेचं काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत यावं लागलं, त्यांची सामग्री तिथेच अडकली. हे काम चालू होतं ते गाव बिंगहॅम्टन, लिंकने ऑर्गनच्या भात्यांवर पहिलं सिम्युलेटर उभं केलं तेच. उरलेलं काम बंगळुरूत, इथल्या आयर्न बर्डवर आणि इथल्या सिम्युलेटरांवर पूर्ण झालं. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी एचएएल विमानतळावरून पहिलं तेजस उडवलं आणि सुखरूप उतरवलं. त्या दिवसाचं श्रेय वैमानिकाच्या धैर्याला जातं तेवढंच, त्याच्या आधी वर्षानुवर्षं खोलीत बसून विमानाला चुका करू देणाऱ्या लोकांना जायला हवं. चंडीगडच्या सीएसआयओ या संशोधन संस्थेने या विमानासाठी हेड-अप डिस्प्ले घडवला. त्यामुळे वैमानिकाला वेग आणि उंची वाचायला मान खाली घालावी लागत नाही. नाशिकजवळच्या ओझरला बांधलेलं तेजस मार्क-१ए, म्हणजे त्याची पुढची आवृत्ती, ऑक्टोबर २०२५ मध्ये आकाशात गेलं.

एवढं सगळं करूनही कुठे फसतं? एअर फ्रान्सचं ४४७ हे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकवर कोसळलं, २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या, ऑटोपायलट सुटलं आणि विमानाचं नाक वर राहून ते स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचलून धरण्याची ताकद गेली. स्टॉलची सूचना देणारी यंत्रणा अशी आखलेली होती, की वेग ६० नॉटच्या खाली दिसला तर तो आकडा अविश्वसनीय समजून सूचना थांबवायची. हा नियम एकटा पाहिला तर शहाणपणाचाच आहे. त्या रात्री त्याचा परिणाम उलटा झाला. नाक वर ओढलं की आवाज थांबे. नाक खाली घेतलं, म्हणजे योग्य ते केलं, की आवाज पुन्हा सुरू होई. शिवाय दोन वैमानिकांच्या साइडस्टिक, म्हणजे खुर्चीच्या बाजूला असलेल्या स्टिक, एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. एकजण मागे ओढून बसला आहे हे दुसऱ्याच्या हाताला कळत नव्हतं. बोइंगने ७७७ मध्ये संगणकीय नियंत्रण आणूनही दोन्ही वैमानिकांचे दांडे एकत्र हलते ठेवले होते. साइडस्टिकचे फायदे खरे आहेत, पण या एका बाबतीत बोइंगचा निर्णय अधिक माणसाच्या बाजूचा होता.

त्या काळातल्या बहुतेक सिम्युलेटरांत पूर्ण स्टॉलनंतर विमान कसं वागतं याची आकडेवारीच नव्हती. पडद्यावरचं विमान त्या सीमेपलीकडे गेलं, की जे दिसे ते काल्पनिक असे. अमेरिकेने २०१३ मध्ये नियम काढला आणि २०१९ पासून पूर्ण स्टॉलचं सिम्युलेटर प्रशिक्षण बंधनकारक झालं.

बोइंग ७३७ मॅक्सची गोष्ट यापेक्षा कठोर आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ जण मरण पावले. एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरच्या आकड्यावर नाक खाली दाबत होतं. आराखडा पुढे सरकला तसा त्याचा एका वेळचा दाब ०.६ अंशांवरून २.५ अंशांपर्यंत वाढवला गेला. बिघाड झाला तर वैमानिक काही सेकंदांत ओळखून तो बंद करतील, हे गृहीत होतं. सिम्युलेटरमध्ये ते तपासलंही होतं. पण तिथे फक्त नाक खाली जाण्याचा बिघाड सोडला होता. खऱ्या विमानात तो सेन्सर बिघडला, की त्याच्याबरोबर दांडा थरथरू लागतो, वेगाचे आकडे जुळत नाहीत, उंचीचे जुळत नाहीत आणि सूचना एकामागून एक येतात. त्या सगळ्या गोंगाटासकट हा प्रसंग कोणी चालवून पाहिला नाही, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सप्टेंबर २०१९ मध्ये नोंदवलं. सिम्युलेटर उत्तर देतं ते विचारलेल्या प्रश्नाचं. प्रश्न सोपा केला, की उत्तरही सोयीचं मिळतं, आणि त्याची किंमत चुकवणारा माणूस त्या खोलीत नसतो.

आता पुढचा मोठा प्रश्न टेबलावर आहे. लांबच्या उड्डाणात, विमान स्थिर असताना, कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवून दुसऱ्याला झोपू द्यावं, असा प्रस्ताव काही विमान उत्पादकांनी युरोपात मांडला. खर्च वाचतो, वैमानिकांची टंचाई भागते. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने त्यावर अभ्यास करवून घेतला. २०२५ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की आजच्या कॉकपिटमध्ये ही व्यवस्था दोन वैमानिकांइतकीच सुरक्षित आहे असं पुरेसं सिद्ध करता येत नाही. अडलेल्या गोष्टी साध्या, रोजच्या आहेत. एकट्या वैमानिकाला डुलकी लागली किंवा तो बेशुद्ध पडला तर विमानाला ते कसं कळणार? झोपेतून उठवलेल्या दुसऱ्याचं डोकं पूर्ण जागं व्हायला लागणाऱ्या मिनिटांत विमान कोण बघणार? भरलेला आकडा दुसऱ्या डोळ्यांनी तपासायची सवय कशी टिकणार? आणि एकट्याला शौचालयात जायचं असेल तेव्हा काय करायचं? सध्याच्या कॉकपिटच्या गरजा लिहिल्या गेल्या तेव्हा दोन माणसं खुर्चीत आहेत हे धरलेलं होतं. त्यामुळे आता एखादं बटण हलवून भागणार नाही. नव्या विमानासाठी गरजांची ती यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावी लागेल, आणि तिच्यातली प्रत्येक ओळ अर्धवट झोपेतल्या माणसाला खुर्चीत बसवून तपासावी लागेल.